परदेशातून येऊन लढलेल्यांचं स्मारक नक्की कुणाचं? (माद्रिद, हुद्दार आणि बाकी भानगडी)

रानमेवा

माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाच्या आवारात एक छोटंसं स्मारक आहे, इंटरनॅशनल ब्रिगेडचं. १९३६ ते ३९ च्या स्पॅनिश यादवीत, प्रजासत्ताकाविरुद्ध उठाव केलेल्या जनरल फ्रँकोच्या विरोधात लढायला पन्नासेक देशांतून साधारण ३५ हजार लोक आले होते, खाणकामगार, गोदी कामगार, विद्यार्थी, कवी, बेकार, सगळे. त्यांच्यासाठी हे स्मारक २०११ च्या ऑक्टोबरमध्ये उभारलं, ब्रिगेड उभी राहिली त्याला ७५ वर्षं झाली म्हणून. थोड्याच दिवसांत कुणीतरी लाल रंगात 'खुनी' असं लिहून गेलं. मग एका वकिलाने कोर्टात धाव घेतली की याला बांधकामाचा परवानाच नाही. विद्यापीठ म्हणतं अर्ज केला होता, महापालिकेने उत्तरच दिलं नाही. २०१३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं, काढून टाका. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली, इंग्लंडमधल्या खासदारांनीसुद्धा निषेध केला, आणि स्मारक राहिलं तिथेच. रंग मात्र अधूनमधून कुणीतरी फासतंच.

आता गंमत बघा, तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर मोंक्लोआच्या चौकात फ्रँकोने बांधून घेतलेली विजय कमान आहे, १९५० च्या दशकातली, वर रथ बिथ, लॅटिनमध्ये विजयी फौजांचं कौतुक कोरलेलं. ती मात्र थाटात उभी आहे.

हे सगळं मी शोधत बसलो ते आपल्या गोपाळ मुकुंद हुद्दारांमुळे. नागपूरचे. संघाचे पहिले सरकार्यवाह. बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात तुरुंगात गेले, सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला, आणि तिथून १९३७ मध्ये थेट स्पेनला. 'जॉन स्मिथ' या नावाने ब्रिटिश बटालियनमध्ये भरती! १९३८ च्या एप्रिलमध्ये गांदेसाजवळ पकडले गेले, बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठात कैदेत राहिले, सुटले, परत आले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. एवढा नाट्यमय माणूस, आणि आपल्याकडे कुठल्याच गोटाला तो पूर्ण आपला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की परक्या देशासाठी मेलेल्या माणसाच्या स्मारकाला वारस नसतो. ज्या देशातून आला तिथे तो कायदा मोडून गेलेला असतो (ब्रिटनने १८७० चा परदेशी सैन्यभरतीचा कायदा दाखवून दम दिला होता, कॅनडाने तर १९३७ मध्ये नवीनच केला), आणि ज्या देशात मेला तिथल्या अर्ध्या लोकांना तो नकोच होता. त्यामुळे त्याच्या दगडावर भांडणारे लोक त्याच्याबद्दल भांडतच नसतात. आपापल्या घरातली भांडणं काढतात.

तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला

लेख आवडला पण एक बाजू सोयीस्कर गाळलीत. ब्रिगेड आकाशातून पडली नव्हती, ती कॉमिंटर्नने उभी केली, म्हणजे मॉस्कोने. आल्बासेतेच्या तळावर आंद्रे मार्ती बसलेला, त्याला लोक 'आल्बासेतेचा खाटीक' म्हणायचे ते उगाच नाही, स्वतःच्याच माणसांवर हेर म्हणून संशय घ्यायचा. कमिसार (म्हणजे फौजेत पक्षाने बसवलेले राजकीय अधिकारी), पळून जाणाऱ्यांना गोळ्या, सगळं झालं. १९३७ च्या मे महिन्यात बार्सिलोनात डावेच डाव्यांना मारत होते. मग माद्रिदमधल्या एखाद्या माणसाने म्हटलं की हे लोकशाहीसाठी आले नव्हते, स्टॅलिनसाठी आले होते, तर तो लगेच फॅसिस्ट होतो का? ज्याचे आजोबा १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये माद्रिदजवळच्या पाराकुएयोसला नेऊन गोळ्या घातलेल्या दोन हजारांवर कैद्यांत होते त्याला हा दगड रोज कॉलेजला जाताना बघायचाय.

रानमेवा

पेठेतला, मार्तीबद्दल पूर्ण सहमत, त्याची बाजू कुणीच घेत नाही. पण पाराकुएयोस ब्रिगेडच्या माथी मारू नका, ते माद्रिदमधल्याच प्रजासत्ताकवाल्या गटांचं काम. आणि आलेल्यांतले कम्युनिस्ट किती आणि कुणाच्या सांगण्यावरून आले हे धरूनसुद्धा, फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामाच्या टेकडीवर ब्रिटिश बटालियनचे सहाशेच्या आसपास लोक चढले आणि पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त मेले किंवा जखमी झाले. त्यातल्या बऱ्याच जणांनी बंदूक नुकतीच हातात धरली होती. असं मरायला कोणी कुणाच्या सांगण्यावरून जात नाही हो.

खवचट

जातात की. आख्खा इतिहास त्यावरच उभा आहे.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

मंजिरी_माद्रिद

मी इथे राहते म्हणून थोडं सांगते. बाहेरून बघताना वाटतं की डावे विरुद्ध उजवे एवढंच आहे, पण इथे साधी माणसं या विषयावर बोलतच नाहीत, म्हणजे जेवणाच्या टेबलावर विषय निघाला की कोणीतरी कॉफी करायला उठतं. १९७७ चा माफीचा कायदा झाला तेव्हा ठरलंच होतं की मागचं उकरायचं नाही, आणि ती सवय अंगात मुरलीय. मग यादवीच्या आठवणी जपायचा २००७ चा कायदा आला, २०२२ चा आला, फ्रँकोला २०१९ मध्ये त्या डोंगरातल्या थडग्यातून बाहेर काढलं, तरी घराघरातलं गप्प राहणं तसंच आहे.

विद्यापीठातल्या स्मारकाची जागा मात्र उगाच निवडलेली नाही. नोव्हेंबर १९३६ पासून युद्ध संपेपर्यंत आघाडी त्या आवारातूनच जात होती, एका फॅकल्टीत प्रजासत्ताकवाले आणि पलीकडच्या हॉस्पिटलच्या इमारतीत फ्रँकोवाले. तत्त्वज्ञान विभागाच्या इमारतीत ब्रिगेडवाल्यांनी खिडक्यांना लायब्ररीतल्या पुस्तकांची तटबंदी केली होती. तिथे लढलेल्या एका इंग्लिश पोराने लिहून ठेवलंय की त्यात भारतीय तत्त्वज्ञानाचे जाडे ग्रंथ होते आणि त्यातून गोळी आरपार जात नव्हती 😄 दुसऱ्या एकाच्या आठवणीत तर कितव्या पानापर्यंत गोळी घुसते तेही आहे, साडेतीनशेच्या आसपास.

खवचट

वेदान्ताचा याहून चांगला उपयोग आजवर ऐकला नाही.

जुनाजाणता

चांगला धागा. फ्युएनकार्रालचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. माद्रिदच्या उत्तरेला फ्युएनकार्रालच्या कबरस्तानात लढाईत मेलेल्या ब्रिगेडवाल्यांना पुरलं होतं, त्यांचं स्मारकही तिथे होतं. फ्रँको जिंकल्यावर १९४१ मध्ये ते सगळं उखडलं, हाडं काढून एका सामुदायिक खड्ड्यात टाकली. आकडा ४५१ सांगतात. आता ८० वर्षांनी शेजारच्या मोंतेकार्मेलो वस्तीत सफाई खात्याचा डेपो बांधायचा महापालिकेचा बेत निघाला आणि लोक म्हणायला लागले की अहो थांबा, तो खड्डा इथेच असू शकतो. डेपोला विरोध करणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक होते, एक ज्यांना ब्रिगेडची चाड आणि दुसरे ज्यांना घराखाली कचऱ्याच्या गाड्या नकोत. दोघांनी मोर्चे एकत्रच काढले. मला तर हे त्या दगडापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दगड परत बसवता येतो, खणून टाकलेली हाडं कुठून आणणार.

सोलापुरी_चादर

रानमेवा तुम्ही म्हणता वारस नसतो, पण आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं काय? पाच भारतीय डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवले, जपानशी लढणाऱ्या चिन्यांच्या मदतीला. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि पथकाचे प्रमुख डॉ. अटल तर त्याआधी स्पेनला जाऊन आलेले. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले, बेथ्यूनच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. हा बेथ्यूनसुद्धा डॉक्टरच, कॅनडाहून आधी स्पेनला आणि मग चीनला आलेला. शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात दोघांच्याही समाध्या आहेत, चिनी लोक फुलं वाहतात, चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्याशिवाय जायचे नाहीत. इकडे सोलापुरात महापालिकेने त्यांच्या घराचं स्मारक केलंय. म्हणजे वारस दोन्हीकडे आहेत की!

पेठेतला

चादर, मुद्दा चांगला पण तो तुमच्या विरोधात जातो. कोटणीस डॉक्टर होते, त्यांनी कुणाला मारलं नाही, आणि ज्यांच्या बाजूने होते ते जिंकले. जिंकलेल्यांनी सांभाळलं तर आठवण टिकते, त्यात चीनचं मोठेपण काय? २०२० मध्ये गलवानला आपले जवान गेले आणि त्याच उन्हाळ्यात तिकडून बातमी, कोटणीसांचा ब्राँझचा पुतळा उभा राहणार म्हणून. एका हाताने काय आणि दुसऱ्या हाताने काय. पुतळा हे राजनैतिक हत्यार आहे हो.

सोलापुरी_चादर

तो पुतळा त्यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेने बसवायचा ठरवला होता, तिथून नर्स आणि डॉक्टर होऊन पोरं बाहेर पडतात आणि पडताना त्यांच्या पुतळ्यापुढे शपथ घेतात. त्या पोरांना गलवानशी काय घेणंदेणं. सरकार वापरतं हे खरंच आहे, पण म्हणून त्यात जीव लावणारी माणसं खोटी होत नाहीत.

रानमेवा

+१ चादर. पण पेठेतल्याचा 'जिंकलेल्यांनी सांभाळलं' हा मुद्दा मी घेतो, कारण स्पेनचं उलट झालं. ब्रिगेडवाले हरले, आणि हरल्यावर जिथे जिथे गेले तिथे नकोसे झाले. अमेरिकेतले लिंकन ब्रिगेडवाले, कम्युनिस्ट हुडकून काढायच्या मॅकार्थीच्या काळात, लाल यादीत. पूर्व जर्मनीने मात्र १९६८ मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिशहाइन बागेत तलवार उगारलेला मोठा पुतळा बसवला, कारण त्यांना आपण जन्मापासून फॅसिझमविरोधी आहोत हे दाखवायचं होतं. पोलंडची गंमत तर अजूनच, तिथले ब्रिगेडवाले म्हणजे दोम्ब्रोव्स्की बटालियनवाले, कम्युनिस्ट राजवटीत हिरो, रस्त्यांना नावं. २०१६ मध्ये कम्युनिस्ट खुणा पुसायचा कायदा आला आणि वॉर्सातल्या त्यांच्या रस्त्याचं नाव सरकारी माणसाने बदललं, कोर्टाने ते परत फिरवलं. माणसं तीच, मेली ती ज्या टेकडीवर ती टेकडीही तीच, पण दर वीस वर्षांनी त्यांचं चारित्र्य बदलतंय!

ग्लासगोचा ला पासिओनारियाचा (स्पेनची कम्युनिस्ट पुढारी दोलोरेस इबारूरी) पुतळा पण बघा कधी नेटवर, ब्रिगेडमध्ये गेलेल्या ब्रिटिशांचं स्मारक. क्लाइड नदीच्या काठी, दोन्ही हात वर केलेली बाई. आर्थर डूलीने केला, ब्राँझला पैसे पुरले नाहीत म्हणून लोखंडी सांगाड्यावर फायबरग्लास. हुजूर पक्षाचे नगरसेवक तेव्हा म्हणत होते आमची सत्ता आली की काढून टाकू. आज त्याची सरकारी खर्चाने डागडुजी होते.

अनामिका_२

मला एक कळत नाही, फ्रँकोच्या बाजूने पण परदेशी लढले ना? त्यांची स्मारकं कुठायत?

जुनाजाणता

आहेत की, आणि लढलेले कितीतरी जास्त. मुसोलिनीचे इटालियन, हिटलरची काँडोर लिजन (गेर्निका बेचिराख केलं ते हे), आणि मोरोक्कोतून आणलेले सत्तरेक हजार सैनिक. बुर्गोस आणि सांतांदेरच्या मधल्या एस्कुदो घाटात इटालियन मेलेल्यांचा सिमेंटचा पिरॅमिड आहे, दारावर मोठ्ठा एम, मुसोलिनीचा. आता पडीक आहे, आत थडग्यांचे रिकामे कप्पे. पाडायचा की पुरातन वास्तू म्हणून राखायचा यावर तिथे जोरदार वाद. काँडोर लिजनच्या वैमानिकांची माद्रिदच्या आल्मुदेना कबरस्तानात गौरवाची पाटी होती, ती २०१७ मध्ये काढली, जर्मन वकिलातीनेच पुढाकार घेतला.

मोरोक्कन बिचारे. त्यांना ना इकडचे विचारतात ना तिकडचे. रिफच्या डोंगरातली भुकेली पोरं, पगार आणि धान्याच्या आशेने आलेली, इकडे डावे त्यांना रानटी म्हणून चित्रात रंगवतात आणि उजवे सोयीने विसरतात कारण 'ख्रिस्ती धर्मयुद्ध' म्हणायचं आणि पुढे मुसलमान सैनिक चालवायचे, हे सांगणार कसं. यांच्यावर धागा काढला पाहिजे खरं तर.

मंजिरी_माद्रिद

पिरॅमिडच्या रस्त्यावरून आम्ही गेलोय, धुक्यात अचानक समोर येतो, अंगावर काटा. माझं मत, राहू दे. पण बाहेर नीट फलक लावा, कोणी बांधला, का बांधला, आत कोण होतं. मुलं विचारतात आणि आईबापांना सांगता येत नाही.

पेठेतला

आणि हाच न्याय ब्रिगेडच्या दगडाला? तिथेही मार्तीचं नाव लिहायचं का?

मंजिरी_माद्रिद

लिहा की. माझी हरकत नाही. पण मग मोंक्लोआच्या कमानीपासून सुरुवात करा, ती मोठी आहे, फलकाला जागा भरपूर.

फ्रेंच_ब्रेड

फ्रान्सचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही. स्पेनमधून हरून पळालेले हजारो प्रजासत्ताकवाले फ्रान्समध्ये आले, त्यांना समुद्रकिनाऱ्यावर वाळूत काटेरी तारेच्या आत ठेवलं. त्यातलेच पुढे फ्रेंच जनरल लक्लेर्कच्या डिव्हिजनमधल्या नवव्या कंपनीत, 'ला नुएवे'. २४ ऑगस्ट १९४४ ला रात्री पॅरिसच्या टाउन हॉलसमोर पहिल्यांदा पोचलेल्या चिलखती गाड्यांवर नावं कसली, तर स्पेनमधल्या लढायांची, ग्वादालाहारा, तेरुएल, एब्रो! दुसऱ्या दिवशी द गॉल भाषणात म्हणाले पॅरिसने स्वतःच स्वतःला मुक्त केलं. झालं, स्पॅनिश गायब. पॅरिसमध्ये त्यांच्या पाट्या लागायला २००४ उजाडलं.

आणि मानूशियान. पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या रेझिस्टन्सच्या एका गटाचा म्होरक्या. आर्मेनियन, लहानपणी वंशसंहारातून वाचलेला, फ्रान्सचं नागरिकत्व दोनदा मागितलं, दोनदा नाही म्हणाले. त्याच्या गटात पोलिश ज्यू, हंगेरियन, इटालियन, आणि सेलेस्तीनो आल्फोन्सो नावाचा स्पॅनिश, जो स्पेनमध्येही लढलेला. जर्मनांनी लाल पोस्टर छापलं, दहा चेहरे, परकी नावं ठळक, खाली 'गुन्हेगारांची फौज'. म्हणजे सांगायचं काय तर हे बघा, तुम्हाला मुक्त करणारे हे असले परके. २१ फेब्रुवारी १९४४ ला गोळ्या घातल्या. बरोबर ८० वर्षांनी मानूशियान आणि बायको मेलिने पाँथेऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या समाध्या असतात तिथे. समारंभाला मरीन ल पेन हजर! परक्यांना हाकला म्हणणारा पक्ष, आणि परक्याच्या शवपेटीला मानवंदना. तिने येऊ नये असं लोक आधी सांगून थकले होते.

खवचट

मेलेला परका सगळ्यांनाच चालतो, जिवंत असला की कागदपत्रं मागतात.

पेठेतला

खवचट, हे बाकी खरं बोललात.

आता मी एक अवघड विचारतो, रागावू नका. नेताजींच्या आझाद हिंद लिजनचे सैनिक फ्रान्समध्ये होते, बोर्दोजवळ लाकानोला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर पहारा करत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना फ्रेंच रेझिस्टन्सशी त्यांच्या चकमकी झाल्या. आपली पोरं दोन्हीकडून मेली असतील. रुफेकसारख्या गावांत त्यांच्यावर लुटालूट आणि बायकांवरच्या अत्याचारांचे आरोप आहेत. त्यांचं स्मारक करायचं का? कुठे करायचं? आपल्याकडे ते स्वातंत्र्यसैनिक, त्या गावात जर्मन गणवेशातले परके.

सोलापुरी_चादर

😐

नागपुरी_तर्री

भाऊ हे असं एकदम दुखऱ्या नसेवर बोट ठेवू नये, पण ठेवलंच आहे तर बोलू. ती पोरं उत्तर आफ्रिकेत इंग्रजांकडून लढताना पकडलेली युद्धकैदी होती, छावणीतून सुटायला आणि देशासाठी म्हणून गेली. दोन्ही कारणं खरी असू शकतात ना. ज्याने गावात जे केलं ते केलं, त्याला नेताजींचं नाव लावून झाकता येत नाही, आणि त्याच्यामुळे सगळ्या लिजनला गुंडही ठरवता येत नाही.

संपादक मंडळ

नेताजी, संघ आणि काँग्रेस यांच्यावर सरसकट वाद नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत. विषयाला धरून लिहा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रानमेवा

पेठेतला, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: रुफेकमध्ये स्मारक कुणाचं असावं हे रुफेकवाल्यांनी ठरवावं. आपण आपल्याकडे लिजनबद्दल लिहिताना फ्रान्समधले ते दिवस गाळू नयेत, बस. स्पॅनिश लोकांकडून मी जे मागतोय ते मला स्वतःलाही लागू आहे.

तर्री, तुम्ही नागपूरचे, हुद्दारांबद्दल अजून काही?

नागपुरी_तर्री

मला घरी कोणी सांगितलं नव्हतं, मोठेपणी वाचून कळलं. सान पेद्रोच्या मठाबद्दल वाचा जरा, भयानक आहे. फ्रँकोचा मानसोपचारतज्ज्ञ वाल्येहो-नाहेरा तिथल्या परदेशी कैद्यांवर चाचण्या करत होता, माणूस मार्क्सवादी होतो म्हणजे मेंदूत जन्मजात काय खोट असते ते शोधायला! आमचा नागपूरचा माणूस त्याच मठात. शाखेतून बालाघाट, बालाघाटहून लंडन, आणि तिथून हा मठ.

परत आल्यावर सुभाषबाबूंकडून १९३९ मध्ये डॉ. हेडगेवारांकडे निरोप घेऊन गेले होते, तो किस्सा त्यांनी स्वतः १९७९ मध्ये इलस्ट्रेटेड वीकलीत लिहिलाय. म्हणजे संघ सोडला तरी जुना दोस्ताना तुटला नव्हता. मला वाटतं म्हणूनच कोणाच्या कपाटात नीट बसत नाहीत. डाव्यांना सरकार्यवाह पचत नाही, उजव्यांना लाल बिल्ला.

माझ्या मते त्यांच्या नावाची पाटी नागपुरात हवी. असं लिहायचं: 'गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. स्पेनमध्ये फॅसिझमविरुद्ध लढले, कैद भोगली. पुढे कम्युनिस्ट.' चार ओळी, पुरे.

खवचट

ती काढायला दोन्हीकडचे लोक एकाच रात्री येतील. निदान शिडी एकच लागेल.

जुनाजाणता

तर्री, कल्पना चांगली पण 'फॅसिझमविरुद्ध' लिहिलंत की पाटी एका बाजूची झाली. आल्मुदेनामध्ये फाशी-गोळीबारात गेलेल्यांच्या स्मारकावर कवी मिगेल एर्नांदेसच्या ओळी होत्या, महापालिकेतली सत्ता बदलली आणि त्या निघाल्या. शब्द जितके कमी तितकी पाटी टिकते. नुसतं 'स्पेनमध्ये लढले, कैद भोगली' ठेवा.

नागपुरी_तर्री

म्हणजे कोणाविरुद्ध लढले ते लिहायचंच नाही? वाचणारा म्हणेल हा माणूस स्पेनला कशाला गेला होता, संत्री विकायला? नाही पटत. पाटी दोन वर्षं टिकली तरी चालेल पण त्यात तो शब्द पाहिजे.

पेठेतला

शब्द ठेवा. फक्त 'पुढे कम्युनिस्ट' बारीक टायपात घालू नका म्हणजे झालं, सगळ्या ओळी एका मापात.